गेनबांच्या मरणाची वाटणी

गेनबा झुरुंगे जाऊन तीन महिने नऊ दिवस झाले होते आणि ते कशाने गेले हे अरिबा बागवानला आज दुपारी चारच्या आत हवं होतं.

तशी घाई त्यांच्या घरात कुणालाच नव्हती. कर्वेनगरच्या ‘गेनबा रेसिडेन्सी’त तिसऱ्या मजल्यावर पंखा सावकाश फिरत होता. कोपऱ्यातल्या दिवाणावर गेनबांच्या पत्नी मैनाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीत थोरले चिरंजीव साईनाथ बसले होते, आणि साईनाथांची नवी सून वैष्णवी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून घरूनच ऑफिस करत होती. तिची सासू माहेरी आणि नवरा हिंजवडीत अडकलेला. गेनबा स्वतः भिंतीवर होते, चंदनाच्या हारात. फोटो काढणाऱ्याने आधी सातबारा मागितला असावा, अशा चेहऱ्याने ते बघत होते.

“वय झालं होतं,” साईनाथ म्हणाले.

“वय हे कारण धरत नाहीत, काका.” ह्या तिमाहीत अरिबा हे वाक्य सदतिसाव्यांदा म्हणत होती.

“धरत नाहीत म्हणजे? एक्क्याऐंशी पूर्ण होती.”

“हो, पण वयानं माणूस मरत नाही. वयात मरतो. कशानं, ते लिहावं लागतं.”

“जेवले, जरा पडले, उठलेच नाहीत. लिहा.”

अरिबाने टॅबलेटकडे पाहिलं. त्यात ‘उठलेच नाहीत’ असा पर्याय नव्हता.

पुण्यातली माणसं कशाने मरतात, हे शोधणाऱ्या एका अभ्यासात अरिबा नोकरीला होती. दाखल्यावर डॉक्टर लिहून मोकळे होतात, ‘हृदय बंद पडल्याने मृत्यू’. हृदय काय, सगळ्यांचंच बंद पडतं. त्यावरून माणूस मेला एवढीच बातमी कळते, आणि ती घरच्यांना आधीच कळलेली असते. म्हणून घरी जाऊन एकशे चौऱ्याऐंशी प्रश्न विचारायचे आणि खरं कारण काढायचं. ह्याला तोंडी शवविच्छेदन म्हणतात. उत्तरं परदेशातल्या एका संगणकाकडे जातात, तिथे जगभरातल्या मेलेल्यांची बेरीज होते आणि दरवर्षी त्याचा एक जाडजूड अहवाल निघतो. तो अरिबाने डाउनलोड केला होता. मंडईत लिंबू-मिरचीचा गाळा असलेल्या तिच्या अब्बांना एवढंच समजलं होतं की पोरीला रोज टार्गेट असतं. संध्याकाळी गाळा आवरताना ते विचारत, “काय गं, आज किती?” ती म्हणायची, “दोन.” अब्बा मान हलवत. “मंदी आहे.”

अडचण होती ती ‘अनिश्चित’ची. संगणकाला कारण ठरवता आलं नाही तर तो फाइलवर ‘अनिश्चित’ असा शिक्का मारतो. एका तिमाहीत असे पाच चालतात. अरिबाचे पाच झाले होते. सहावा झाला की करार वाढणार नव्हता, आणि तिमाही आज चार वाजता बंद होत होती. हे तिला समर्थ सरांनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं. समर्थ सर म्हणजे तिचे सुपरवायझर, तिच्याहून दोन वर्षांनी मोठे आणि दहा वर्षांनी थकलेले.

“अरिबा, प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाच. सगळं रेकॉर्ड होतंय. आपल्या मनाचं काही घालू नको.”

“सर, माझ्या मनात आता काही शिल्लक नाहीये.”

“गुड,” समर्थ सर म्हणाले होते.

आता तीन वाजायला दहा मिनिटं होती. अरिबाने घसा साफ केला आणि जसा लिहिलाय तसा पहिला अवघड प्रश्न वाचला.

“मृत्यूपूर्वीच्या काही दिवसांत मृत व्यक्ती पडली होती का, किंवा तिला काही इजा झाली होती का?”

“तसं काही नाही,” साईनाथ म्हणाले. मग थांबले. “म्हणजे चार दिवस आधी पार्किंगमध्ये घसरले होते. पण लागलं नव्हतं.”

“कशामुळे घसरले?”

“फरशी ओली होती.” साईनाथांनी छताकडे पाहिलं. छताच्या वर चौथा मजला होता आणि चौथ्या मजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ संभाजी. “काहींना रोज गाडी धुवायची असते. गाडी पुसूनही स्वच्छ होते, पण नाही.”

“हे लिहायचं का?”

“लिहा ना. नावासकट लिहा.”

नाव लिहायला जागा नव्हती. पण वैष्णवीने तेवढ्यात ‘संभाजीकाका’ म्हणून सेव्ह केलेल्या नंबरावर मेसेज टाकला असावा, कारण दोन मिनिटांत जिन्यात चपला वाजल्या आणि संभाजी दारात उभा राहिला. पन्नाशीचा, बनियनवर, हातात गाडी पुसायचं फडकं.

“काय चाललंय? माझं नाव कुठं लावताय?”

“मृत्यूची चौकशी चाललीये,” साईनाथ म्हणाले.

“पोलीस?”

“नाही नाही, काका,” अरिबा घाईने म्हणाली, “आरोग्याचा अभ्यास आहे. कुणावर काही नाही. साधे प्रश्न असतात.” आणि तिने पुढचा साधा प्रश्न वाचला. “मृत्यूपूर्वी चोवीस तासांत मृत व्यक्तीच्या पोटात काही विषारी पदार्थ गेला होता का?”

लसूण सोलायचा आवाज थांबला. साईनाथांनी वैष्णवीकडे पाहिलं. संभाजीने वैष्णवीकडे पाहिलं. गेनबांच्या फोटोनेही पाहिल्यासारखं वाटलं, पण तो सगळ्यांकडेच तसा बघायचा.

“हॅलो?” वैष्णवी म्हणाली. “मेथीची भाजी होती! सगळ्यांनी खाल्ली होती! पप्पा, तुम्ही तर दोनदा घेतली होती.”

“मी कुठं काय म्हणालो?”

“बघितलंत की!”

“सूनबाई,” संभाजी म्हणाला, “तू आजोबांना नक्की काय घातलंस ते एकदा सांगून टाक. आम्ही काही म्हणणार नाही.”

“काका, मी म्यूटवर नाहीये!” वैष्णवी किंचाळली आणि लॅपटॉपवर झडप घातली. उशीर झाला होता. बेंगळुरू, पुणे आणि कुठल्याशा परदेशी शहरातल्या अकरा जणांनी वाक्य ऐकलं होतं. चॅटमध्ये तिच्या मॅनेजरने विचारलं, सगळं ठीक आहे ना? आणि लगेच खाली, आज लवकर लॉग आउट केलंस तरी चालेल.

“आणि वरून रस्सा आला होता तो?” वैष्णवी उठून उभी राहिली. “तुमच्याकडून. मटणाचा. तो कुणी नाही विचारत.”

अरिबाने ‘माहीत नाही’वर बोट ठेवलं आणि पुढे गेली. पुढचे प्रश्न काही बरे नव्हते. मधमाशी चावली होती का, साप चावला होता का, पाण्यात बुडाले होते का. प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ आलं, पण प्रत्येक ‘नाही’नंतर खोलीतल्या माणसांनी एकमेकांकडे असं पाहिलं की ह्या बाईला काहीतरी कळलंय, त्याशिवाय ती विचारेल कशाला.

“कुणी मुद्दाम इजा केली होती का?”

दिवाणावरून मैनाबाईंनी शांतपणे विचारलं, “कवापास्नं धरायचं?”

“आई, तू थांब,” साईनाथ म्हणाले. “मी देतोय ना उत्तरं.”

मैनाबाईंनी पुढची पाकळी उचलली.

सव्वातीनला शेवटचा प्रश्न संपला. अरिबाने बटण दाबलं. जुन्या ॲपमध्ये निकाल फक्त साहेब लोकांना दिसायचा. नवीन ॲपमध्ये तो, कुणी का ठेवला कुणास ठाऊक, विचारणाऱ्यालाही दिसायचा. पडद्यावर एक गोल फिरला आणि आकडे उमटले. अरिबाने ओढणीने टॅबलेट झाकेपर्यंत साईनाथ चष्मा सारून मोठ्याने वाचू लागले होते.

“हृदयविकार एकतीस टक्के. पक्षाघात अठरा. पडणं किंवा अपघात पंधरा. छातीचा संसर्ग आठ. विषबाधा सहा! अनिश्चित बावीस.”

“विषबाधा सहा?” वैष्णवीचा आवाज चिरला. “मी सहा टक्के विष घातलं?”

“तसं नसतं हो,” अरिबा म्हणाली. “हा अंदाज असतो.” पण तिची नजर शेवटच्या आकड्यावर होती. वीसच्या वर गेलं की ‘अनिश्चित’. तिने समर्थ सरांना फोन लावला.

“बावीस आहे, सर.”

“दोन टक्क्यांसाठी?” पलीकडून एक मोठा श्वास आला. “काहीतरी राहिलंय विचारायचं. पुन्हा बघ. चारपर्यंत आहेस तू.”

‘चारपर्यंत आहेस तू’ हे वाक्य अरिबाला जरा व्यापक वाटलं.

इकडे संभाजी पंधरा टक्क्यांवर अडला होता. “म्हणजे पंधरा टक्के माझ्या फरशीनं मारलं? तिथं पंधरा माणसं रोज चालतात, कुणी मरत नाही!”

“काका, प्लीज.” अरिबाचं डोकं ठणकत होतं, आणि थकलेल्या माणसाकडून होते ती चूक तिच्याकडून ह्या क्षणी झाली. “हे आकडे कुणा एकाचे नसतात. सगळ्यांचं मिळून असतं ते.”

साईनाथांनी खुर्ची पुढे ओढली.

“सगळ्यांचं मिळून,” साईनाथ हळूहळू म्हणाले. “म्हणजे सामाईक.”

“सामाईक,” संभाजी म्हणाला.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. दुपारपासून पहिल्यांदा त्यांच्यात एकमत दिसत होतं. झुरुंग्यांच्या घरात सामाईक काही ठेवत नसत. सामाईक विहीर होती, तिच्यावरून बारा वर्षं कोर्टात गेली. सामाईक बांध होता, तो दोघांनी दोन्हीकडून खाऊन संपवला. जमीन बिल्डरला दिली तेव्हा फ्लॅट, पार्किंग, गच्ची, इतकंच काय, पाण्याची टाकीसुद्धा मधोमध रंगाची रेघ मारून वाटून घेतली होती.

“वाटून टाकू,” साईनाथ म्हणाले. “आजच. नंतर पोराबाळांच्या डोक्याला ताप नको.”

“काका, मृत्यूचं कारण वाटता येत नाही.”

“तुम्ही बागवान ना? मंडईतल्या?” संभाजी म्हणाला. “तुमच्यात ढीग लावून वाटतात, आमच्यात नावावर करून वाटतात. फरक काय?” आणि आतून स्टॅम्प पेपर आणायला तो निघूनही गेला. ह्या घरात स्टॅम्प पेपर डब्यात मीठ असावं तसा कायम असायचा.

“लॅपटॉपवर करा ना,” वैष्णवी म्हणाली. तिला आता दुसरं काही काम उरलं नव्हतं. तिने एक्सेल उघडलं आणि कॉलम पाडले. कारण, टक्के, नाव.

संभाजी पेपर घेऊन परत आला, खुर्ची ओढून बसला, आणि पडण्याचे पंधरा त्याच्या नावावर गेले. विषबाधेचे सहा स्वयंपाकघर साईनाथांचं म्हणून साईनाथांकडे. पक्षाघाताचे अठराही त्यांनाच, कारण ब्लड प्रेशरच्या गोळ्या आणायचं काम त्यांचं होतं आणि दोन दिवस ते विसरले होते. हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. हृदयविकाराचे एकतीस अर्धे अर्धे, कारण गच्चीवरून दोघांचं भांडण झालं तेव्हा बापाच्या छातीत धडधडलं होतं आणि भांडण दोघांनी मिळून केलं होतं.

“छातीचा संसर्ग आठ?” वैष्णवीने विचारलं.

“ते राधाचं,” दोघे भाऊ एकदम म्हणाले. राधा त्यांची बहीण, लोणी काळभोरला दिलेली. जत्रेला म्हणून तिने बापाला नेलं आणि थंडीत दोन दिवस ठेवून खोकल्यासकट परत पाठवलं.

“तिची सही लागेल,” संभाजी म्हणाला. “मागच्या वेळी हक्कसोड करून घेतली होती तशी घेऊ. मिटलं.”

व्हिडिओ कॉल लागला. फोन लसणाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर राधाबाई आल्या, त्यांच्या मागे एक म्हैस आली. साईनाथांनी सगळं नीट समजावून सांगितलं. राधाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

“म्हंजी आबांच्या मरणात माजा वाटा आठ टक्के.”

“हो. पण तू कशाला डोक्याला ताप घेतेस? तू सोडून दे. आम्ही दोघं सांभाळू.”

“मागल्या टायमाला असंच म्हनला हुतास, दादा. मी सही केली. तुमी दोघं तिसऱ्या-चवथ्या मजल्यावर गेला, मी हितं म्हशीत.” राधाबाई कॅमेऱ्याच्या फार जवळ आल्या, फक्त एक डोळा दिसू लागला. “बाप माजाबी व्हता. ह्या बारीला म्या काय सोडत न्हाई.”

“अगं, हे घेण्यासारखं नाही, राधे!”

“मंग तुमी कशापायी घेताय?”

तेवढ्यात वैष्णवीने बेरीज केली आणि ती वाचून दाखवली, आणि ह्या घरात ते करायला नको होतं. “पप्पा साडेएकोणचाळीस. संभाजीकाका साडेतीस. राधाआत्या आठ. अनिश्चित बावीस.”

संभाजी खुर्चीतून अर्धा उठला. “थांब थांब. दादाला साडेएकोणचाळीस, आणि मला साडेतीस?”

“हो.”

“नऊ कमी?”

“काका,” अरिबा म्हणाली, “कमी असलेलं चांगलंय. कमी म्हणजे तुमच्यामुळे कमी…”

“मला शिकवू नका, मॅडम. लहानपणापासून हेच बघतोय. थोरला म्हणून हा जास्त घेणार आणि मला सांगणार की कमी चांगलंय.” संभाजीने वैष्णवीच्या पडद्यावर बोट ठेवलं. “रस्सा वरून आला होता. मी स्वतः पाठवला होता. विषबाधेचे तीन माझे होतात.”

“रश्श्यात काही नव्हतं!” साईनाथ म्हणाले. “मी खाल्लाय. उत्तम होता.”

“तू कोण ठरवणार? माझा रस्सा आहे!”

“तीन टाकले,” वैष्णवी टाइप करत म्हणाली. “पप्पा साडेछत्तीस, काका साडेतेहतीस.”

“अजून तीन कमीच.”

फोनमधून आवाज आला. “आन मला आठ? कायदा काय म्हनतो? लेकीला सारखा वाटा. ते बावीस मोकळं पडल्यात ते माज्या नावावर टाका. तीस हुत्यात.”

बावीसचं नाव निघताच दोघे भाऊ पुन्हा एक झाले. अनिश्चितचे बावीस हा ह्या सगळ्यातला सगळ्यात चांगला तुकडा होता. त्यावर कुणाची फरशी नव्हती, भाजी नव्हती, विसरलेली गोळी नव्हती. रस्त्याला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटसारखा तो होता, कसलाही बोजा नसलेला, आणि असा प्लॉट झुरुंग्यांनी आजवर बहिणीला दिला नव्हता.

“बावीस मूळ घरात राहतील,” साईनाथ म्हणाले.

“मूळ घरात म्हणजे तुझ्या घरात. वा!” संभाजी म्हणाला.

“सही करत न्हाई!” फोन ओरडला. मागची म्हैसही काहीतरी म्हणाली.

तीन चाळीस. अरिबाने टॅबलेट मांडीवर उलटा ठेवला आणि डोळे मिटले. उद्यापासून मंडईत बसायला लागलं तर काय काय करावं लागेल, ह्याचा ती शांतपणे विचार करू लागली. मिरची निवडता येत होती. लिंबाचा भाव आवडो न आवडो सांगता येत होता. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक एकदाच येऊन जातं, त्याच्या घरी जावं लागत नाही.

“पोरी,” शेजारून हाक आली.

मैनाबाई दिवाणाच्या कडेला सरकल्या होत्या. आवाज इतका खाली होता की भांडणात तो दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नसता.

“घाम आला हुता.”

अरिबाने डोळे उघडले. “काय, आजी?”

“त्यास्नी. सकाळी. ह्या दिवसांत न्हवं, थंडीत. बंडी भिजली हुती. मी बदलली.”

अरिबाने टॅबलेट सुलटा केला. “आणखी काही झालं होतं?”

“छातीवर कुनी पोतं ठिवल्यावानी हुतंय म्हनले. डावा हात जड झाला. मंग जबड्यातबी दुखाया लागलं. दातच दुखतोय म्हनले, पर दात हुता कुटं तितं.” त्यांनी बोटांवरची लसणाची सालं झटकली. “तासभर तरी चाललं आसंल.”

भांडण थांबलं. आधी साईनाथ गप्प झाले, मग संभाजी, मग फोन.

“आई,” साईनाथ म्हणाले, “मग तू सांगितलं का नाहीस?”

“त्यांनी शपथ घातली. म्हनले, पोरान्ला सांगू नगं. एक म्हनंल आपल्या डागदरकडं, दुसरा म्हनंल माज्या डागदरकडं. दोन गाड्या काढत्याल, मी मधी हुबा ऱ्हाईन. त्यापरीस जेवतो आन पडतो जरा.” मैनाबाई थोडा वेळ फोटोकडे बघत राहिल्या. “म्या म्हनलं, पडा.”

संभाजी दिवाणाजवळ येऊन उभा राहिला.

“तीन महिने झाले,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा आला. “आज ही मॅडम आली, दोनशे प्रश्न विचारले. तेव्हा तरी बोलायचं.”

“इच्यारलं कुनी मला? ती इच्यारती, दादा सांगतो. त्यो म्हनला, आई, तू थांब. थांबले.”

अरिबाला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की शेवटी जवळ जो होता त्याला विचारायचं. ती आत आली आणि समोरच्या खुर्चीत जो होता त्याला विचारत सुटली होती. सदतीस घरांत ती असंच करत आली होती. समोरच्या खुर्चीत प्रत्येक वेळी एक मोठा मुलगा असायचा आणि कोपऱ्यात कुणीतरी काहीतरी निवडत बसलेलं असायचं.

तिने भराभर मागे जाऊन उत्तरं बदलली. छातीत दुखणं, होय. घाम, होय. हातात जडपणा, होय. एक तास. गोल फिरला, आणि ह्या वेळी तिने ओढणीने काही झाकलं नाही.

“हृदयविकार चौऱ्याण्णव,” साईनाथांनी वाचलं. “अनिश्चित दोन. इतर चार.”

तीन छप्पनला फाइल गेली. समर्थ सरांचा मेसेज आला, अंगठा, आणि खाली, ‘पुढच्या तिमाहीत भेटू.’ अरिबाने तो दोनदा वाचला. आनंद झाला पाहिजे हे तिला कळत होतं. झाला असेलही, पण तो दमून कुठेतरी बसला होता.

“आजी,” ती म्हणाली, “तुमच्या मनात असेल की तुम्ही सांगितलं असतं तर… तसं काही धरू नका.”

“धरलंच हाय,” मैनाबाई म्हणाल्या. “पर आता जरा हलकं हाय.”

संभाजीने हातातला कोरा स्टॅम्प पेपर उलटसुलट करून पाहिला.

“म्हणजे फरशीचं काही नाही?”

“नाही, काका. तुमच्या फरशीनं काही झालं नाही.”

“रश्श्याचंही नाही?”

“नाही.”

“गोळ्यांचं?” साईनाथांनी विचारलं.

“थोडंफार असेल. त्या चारमध्ये.”

अरिबाला वाटलं, आता हे मोकळा श्वास घेतील. दोघांचे चेहरे मात्र उतरत चालले होते. आपल्या बापाच्या मरणात आपला काही हात नव्हता, हे ऐकून जे वाटायला हवं ते त्यांना वाटत नव्हतं. बाप आपला आपण मरून गेला होता, कुणालाही मध्ये न घेता, नि मागे वाटायला काही ठेवलं नव्हतं.

“चार टक्क्यांत तिघं,” संभाजी पुटपुटला. “म्हणजे आम्हाला काहीच नाही.”

“म्या सही करनार न्हाई,” फोनमधून राधाबाई म्हणाल्या, पण आता त्यांच्या आवाजात जोर नव्हता. मग त्या रडू लागल्या. ते ऐकून साईनाथांनी चष्मा काढला, आणि संभाजीने हातात होतं त्याच गाडीच्या फडक्याने डोळे पुसले. बारा दिवस आणि तेरावं झालं, तेव्हा हे दोघे मांडवाचं कोण बघणार ह्यावर भांडत होते. रडायचं राहूनच गेलं होतं. वैष्णवीने एक्सेलची फाइल सेव्ह करायची का असं विचारणाऱ्या चौकटीत ‘नको’ दाबलं आणि चहा टाकायला उठली.

अरिबा पिशवी आवरू लागली तेव्हा मैनाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. हाताला लसणाचा वास होता.

“बस जरा. माजाबी भरून घे.”

“काय, आजी?”

“ह्योच. फारम. मी गेल्यावर पुन्ना ही दोगं तिघं बसत्याल, पुन्ना कुनाची भाजी नि कुनाची फरशी. त्यापरीस मी हाय तवर सांगून ठिवते. काय काय दुखतंय ते मला म्हाईत हाय, त्यान्ला काय ठावं?”

“आजी, जिवंत माणसाचा नाही भरता येत.”

“मंग मेल्यावर मी कुटनं सांगू?”

अरिबाने उत्तर शोधलं. नियमांच्या पुस्तकात ते नव्हतं, आणि चार वाजून गेले होते. आज आता तिच्याकडे कुणाची काही मागणी नव्हती. तिने पिशवीतून टॅबलेट पुन्हा काढला, रेकॉर्डिंग बंद केलं, एक कोरा फॉर्म उघडला आणि सरावाने, जसा लिहिलाय तसा, पहिला प्रश्न वाचला.

“मृत व्यक्तीशी तुमचं नातं काय?”

मैनाबाईंनी बराच वेळ विचार केला.

“तसं जवळचंच हाय,” त्या म्हणाल्या. “पर कदी निवांत बसून बोलनं झालं न्हाई.”